रिकामं दाखवलेलं घर

तीनशे बारा घरांचे फॉर्म भरून झाल्यावर रेणुका वंगारीने तीनशे तेरावा फॉर्म स्वतःच्या घराचा भरायला घेतला. सकाळचे अकरा वाजले होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत मागांचा खडखडाट आता उरला नव्हता. टॉवेल विणणारी नवी यंत्रं काचेआड मुकाट चालायची. तरी बायका जुन्या सवयीने मोठ्यानेच बोलायच्या, आणि म्हणून या घरातलं त्या घरात कळायला कुणाला कान द्यावा लागत नसे.

रेणुका त्या भागाची आशाताई होती. 'बालसुरक्षा व सामाजिक आधार सर्वेक्षण' असं भारदस्त नाव असलेला सव्वीस प्रश्नांचा फॉर्म तिच्या टॅबवर आला होता. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं झालं. हे सगळं कशासाठी, असं एकीने विचारलं, तर शिकवायला आलेल्या साहेबांनी "वरून आलंय," एवढंच सांगितलं आणि चहा मागवला. बायकांनी मग आपसात ठरवून टाकलं, की शहराबाहेर नवी आदर्श शाळा होतेय, तिच्या जागा यातूनच भरणार.

याद्या कशा बनतात हे रेणुकाला पाठ होतं. गॅसची यादी असो, घरकुलाची असो, गणवेशाची असो. घर भरलेलं दिसलं की नाव गळायचं. त्यामुळे दारोदार फिरताना ती हळूच सांगायची, "काकू, थोरला मुलगा इथंच राहतो म्हणून कशाला सांगताय?" काकू समजून घ्यायच्या. यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नसे. सरकारसमोर जाताना जरा जुनं लुगडं नेसावं, तसं ते होतं.

"मम्मी, हे काय लिहितेस?" शाळेला सुट्टी म्हणून घरी असलेली कीर्तना खांद्यावरून वाकून बघत होती. तेरा वर्षांची, दोन वेण्यांची, आणि तोंडाला अजिबात कुलूप नसलेली. "वडील सोबत राहतात का? नाही? मग आत आंघोळ कोण करतंय?"

"गप गं."

"आजी-आजोबा सोबत? नाही? नानम्मा, ऐकलंस का, मम्मीने तुला काढून टाकलं."

नानम्मा म्हणजे रेणुकाच्या नवऱ्याची, नरेशची आई. ती उंबऱ्याशी शेंगा सोलत होती. "काढलं तर काढलं," ती म्हणाली, "स्वयंपाक तेवढा करायला सांगू नका."

"जन्मापासून किती वेळा घर बदललं? चार? मम्मी, आपण समोरच्या घरातून या घरात आलो, त्याला चार म्हणतात? आणि जवळच्या मैत्रिणी, एकही नाही? काल पाचजणी जेवून गेल्या की."

"सरकारी फॉर्मात घर रिकामंच दाखवायचं असतं," रेणुका म्हणाली. "तुला त्या शाळेत जायचंय ना? प्रयोगशाळा आहे तिथं, पोहायचा तलाव आहे."

"मग मला एक सावत्र आई पण लिही की. दोन जागा मिळतील."

आतून नरेशचं हसणं ऐकू आलं. रेणुकाही हसली. तिच्या लेकीसाठी होतं ते, म्हणून तिने एकही रकाना हातचा राखला नाही. इतरांच्या फॉर्मात एखादं माणूस कमी केलं होतं. स्वतःच्या घरात तिने पोरीशिवाय कुणालाच ठेवलं नाही.

सहा महिन्यांनी पत्र आलं ते शाळेचं नव्हतं. जिल्हा मनोआरोग्य केंद्रात पालकांनी मुलीसह हजर राहावं, असं त्यात लिहिलं होतं.

डॉ. फरीदा नाईकवडी पन्नाशीच्या होत्या. बोलताना चष्मा काढून हातात धरायच्या. त्यांनी आधी कीर्तनाशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, मग तिला बाहेर बसवून दार लोटलं.

"मनोवेध ही यंत्रणा माहीत असेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "काही मुलांना पुढे, सोळा ते पंचविसाच्या दरम्यान, मनाचा एक गंभीर आजार होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री वाटते. खरं काय आणि मनातलं काय, यातली भिंत पडते. त्याला आम्ही सायकोसिस म्हणतो. रक्त तपासून तो आधी कळत नाही. पण गेली साठ-सत्तर वर्षं जगभर दिसलंय, की तो सगळीकडे सारखा होत नाही. मोठ्या शहरात वाढलेल्यांना जास्त होतो. गाव सोडून परक्या मुलखात गेलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना जास्त होतो. लहानपणी आईवडिलांपैकी एकाची ताटातूट झालेल्यांना, मारहाण सोसलेल्यांना, शाळेत एकटं पाडलेल्यांना. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, आजूबाजूला आपल्यासारखं कुणी नसलेल्यांना. तोच माणूस आपल्या माणसांच्या दाट वस्तीत राहिला, तर धोका खाली येतो. सर्वेक्षणाच्या फॉर्मातून हे सगळं एकत्र मोजून मनोवेध एक अंक देतं. वेधांक म्हणतात त्याला."

"हिचा किती?" नरेशने विचारलं.

"शहाण्णव."

नरेश टॉवेलच्या कारखान्यात यंत्रावर काम करायचा. शहाण्णव म्हणजे काय हे त्याला शंभरावरून कळत होतं. त्याचा चेहराच उतरला.

"थांबा, सगळे इथंच चुकतात," डॉक्टर म्हणाल्या. "शहाण्णव टक्के आजार होणार, असा याचा अर्थ नाही. शंभर मुलं धोक्याच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर शहाण्णव हिच्या मागे आहेत. एवढंच. अशा शंभर मुलांतल्या चौघांना आजार होतो, शहाण्णव जणांना कधीच होत नाही. हा फक्त रांगेतला नंबर आहे. यंत्राला हिच्याबद्दल याहून जास्त काही माहीत नाही."

मग रेणुकाने सगळं सांगून टाकलं. एका दमात, पदराचं टोक मुठीत धरून. फॉर्म खोटा आहे, हे बघा हिचे वडील इथं बसलेत, सासूबाई घरी आहेत, पोरीच्या मैत्रिणी घर डोक्यावर घेतात.



"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "पण ताई, अंक आल्यावर रोज चार आईबाप येतात आणि माहिती चुकली होती म्हणून सांगतात. बहुतेकांचं लपवणंच असतं. त्यामुळे अंक कमी करणारी दुरुस्ती यंत्रणा नुसत्या शब्दावर घेत नाही. घरी येऊन पडताळणी होते. आता नंबर लावला तर आठ महिने."

"तोवर?"

"पंचाण्णवच्या वर बँड लागतो." त्यांनी खणातून करड्या रंगाची मनगटपट्टी काढली. "झोप किती, माणसांशी बोलणं किती मिनिटं, एकटेपणा किती, ते मोजतो. तिच्या भल्यासाठीच आहे."

कीर्तनाने तो बँड मिरवतच घरी नेला. पहिल्या आठवड्यात त्यावर रोजची बोलण्याची मिनिटं तीनशे चाळीस दिसायची, आणि ती शेजारीपाजारी सांगत सुटायची, "बघा, मोजून बडबड करते मी."

पूर्व भागात असा बँड कुणाकडेच नव्हता. सगळी एकाच समाजाची, पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली घरं. मनोवेधच्या हिशेबात यापेक्षा सुरक्षित वस्ती जिल्ह्यात दुसरी नव्हती. त्यामुळे एकच करडी पट्टी लांबूनही उठून दिसायची.

शाळेने कीर्तनाला पहिल्या बाकावर एकटीला बसवलं. नियमात 'ताणरहित बैठक' असं लिहिलं होतं. बाईंनी तो जमेल तसा पाळला. दुसऱ्या महिन्यात गल्लीत एक बोलणं फिरलं, की बँड जवळच्या मुलांचीही नोंद घेतो आणि त्यांचाही अंक वाढतो. हे धादांत खोटं होतं. रेणुका दारोदार जाऊन सांगू लागली. कीर्तनाची मैत्रीण हरिणी समोरच राहायची. तिची आई जिन्यातच थांबली, वर या म्हणाली नाही.

"वहिनी, तुमच्यावर राग नाही ओ," ती म्हणाली. "पण तुम्हीच सांगा, हरिणी तुमची पोर असती तर?"

"अगं, तो फक्त रांगेतला नंबर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"शहाण्णव आहे ना पण? माझ्या पोरीला बारावीला शहाण्णव मिळाले तर मी पेढे वाटीन. हे कुठले शहाण्णव म्हणायचे?" आणि मग आवाज खाली आणून, "आणि फॉर्म तर तुम्हीच भरला होता. आमच्या घरी भरताना पण तुम्ही काय काय लिहिलं, देव जाणे."

त्या रविवारी कीर्तनाने पाचजणींना जेवायला बोलावलं होतं. एक आली. तिलाही अर्ध्या जेवणातून तिच्या भावाने येऊन नेलं. कीर्तनाने उरलेली शेंगापोळी डब्यात भरली, झाकण लावलं, आणि म्हणाली, "बरं झालं. नानम्माला आवडते."

पाचव्या महिन्यात नरेशचा थोरला भाऊ श्रीनिवास आला. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. सोयरीक चांगली होती, हैदराबादची. अण्णा तासभर कारखान्यावर, पावसावर, नानम्माच्या गुडघ्यांवर बोलले. चहा दुसऱ्यांदा झाला तेव्हा मुद्द्यावर आले.

"त्यांनी विचारलंय, घरात कुणाला अंक आहे का. रक्तातलं असतं म्हणतात."

"रक्तातलं नाही ते, अण्णा," रेणुका म्हणाली. "घर, वस्ती, माणसं, यावरून काढतात."

"मला पटतंय गं. त्यांना कोण पटवणार?" अण्णा नरेशकडे वळले. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तू आणि आई माझ्याकडे येऊन राहा. विचारलंच तर सांगू, की हिच्या माहेरकडचं आहे, आणि तू वेगळा राहतोस. लग्न लागलं की ये परत."

नरेश वाईट माणूस नव्हता. मोठ्या भावापुढे नाही म्हणायची त्याला आयुष्यात कधी गरजच पडली नव्हती, म्हणून ते त्याला येतही नव्हतं. त्याने रेणुकाकडे बघितलं. रेणुका म्हणाली, "पडताळणी होईपर्यंत तरी थांबा."

"तारीख कुठं आलीय अजून?" नरेश म्हणाला. "आलो मी, फोन केलास की. दहा मिनिटांवर तर आहे."

नानम्माने जायच्या दिवशी कीर्तनाचे केस विंचरून दिले. दोन्ही वेण्या इतक्या घट्ट घातल्या, की पोरीचे डोळे ताणले गेले. कीर्तना हू की चू न करता बसून राहिली.

लग्न लागलं. नंतर मुलीच्या सासरची माणसं अण्णांकडे येत-जात राहिली. नरेश आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. पडताळणीसाठीचा माणूस मात्र न कळवताच आला. नियमच तसा होता.

पोरगेला, नम्र तरुण होता. बूट बाहेर काढून आत आला. मोरीतल्या पेल्यात दोनच टूथब्रश, दोरीवर पुरुषाचा एकही कपडा नाही, कोपऱ्यात नानम्माची रिकामी खाट. रेणुकाने नरेशला फोन लावला. यंत्रावर असताना तो उचलायचा नाही. पुन्हा लावला.

"वडील इथं राहतात ना?" तरुणाने विचारलं.

"राहतात. म्हणजे आत्ता भावाकडे आहेत. दोन महिन्यांसाठी."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

त्याने टॅबवर काहीतरी टिपलं. मग बँडची नोंद उघडून रेणुकापुढे धरली. लेकीची बोलण्याची मिनिटं ओळीने दिसत होती. तीनशे चाळीस, दोनशे दहा, नव्वद. गेल्या आठवड्याची सरासरी चौदा होती. त्यातली अकरा रेणुकाशी.

"मूळ माहिती बरोबर दिसते," तो म्हणाला. आवाजात दया होती. "उलट धोक्यात थोडी वाढच आहे. काळजी घ्या, ताई."

तेव्हापासून रेणुकाच्या फोनवर दर सोमवारी मनोवेधचे दहा प्रश्न येऊ लागले. मुलगी एकटीच हसते का? झोप कमी झाली आहे का? रेणुका रोज पोरीकडे बघायची. पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना, पेपर वाचतेय असं दाखवून. कीर्तना गच्चीत गाणं गुणगुणली, तर शब्द खरे आहेत का हे ती कान देऊन ऐकायची. एका दुपारी कीर्तनाने मागे न वळताच विचारलं, "काय लिहिलंस आज?"

"कुठं काय?"

"मम्मी, मी नुसती खिडकीत बसले तरी तू दारात येऊन उभी राहतेस. मला काही होत नाहीये गं."

"माहितीय मला."

"मग का बघतेस?"

रेणुका तिच्याजवळ जाऊन बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीने घेऊ दिलं. बऱ्याच वेळाने कीर्तना म्हणाली, "सगळेच बघतात माझ्याकडे. दुकानात, शाळेत. मी गेले की बोलायचे थांबतात. हरिणी पण. मी पुढे निघून गेले की मग बोलतात, माझ्याबद्दलच."

त्या सोमवारी सातवा प्रश्न होता: 'लोक आपल्याकडे बघतात, आपल्याविषयी बोलतात, असे मुलीला वाटते का?' खाली दोनच पर्याय होते. हो आणि नाही.

रेणुका फोन हातात धरून बसली. लोक बघत होते. लोक बोलत होते. तिने स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं. हे पोरीला वाटत नव्हतं, हे होतं. 'हो, कारण ते खरं आहे' असं लिहायला जागा नव्हती. 'नाही' लिहिलं असतं तर ते पुन्हा खोटं झालं असतं, आणि एका खोट्याने काय होतं ते तिने पाहिलं होतं. पडताळणीच्या दिवशी नानम्माच्या रिकाम्या खाटेपुढे उभं राहून तिने देवाला शब्द दिला होता, की यापुढे पोरीबद्दल एक अक्षर खोटं लिहिणार नाही.

तिने 'हो' दाबलं.

पंधरा दिवसांनी डॉ. नाईकवडींनी बोलावलं तेव्हा त्यांचा चष्मा आधीच हातात होता.

"नव्व्याण्णवच्या वर गेलाय," त्या म्हणाल्या. "सातव्या उत्तराने."

"पण लोक खरंच बघतात, मॅडम. बँडमुळे बघतात."

"माहीत आहे."

"मग ते लिहा ना कुठंतरी."

"मी लिहिलंय. तीनदा लिहिलंय. डॉक्टरांच्या शेऱ्याला यंत्रणेत वजन नाही, कारण डॉक्टर पक्षपात करतात असं पूर्वी दिसलं होतं." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आणि खरं सांगू? आता मलाही खात्री राहिलेली नाही. मुलगी आली तेव्हा ठणठणीत होती. पण वर्षभर असं एकटं राहून कुणीही खरोखरच आजाराकडे सरकतं. यंत्र तेव्हा चुकलं होतं. आता कदाचित चुकत नसेल."



"एक जागा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सहवास म्हणून. चाळीस किलोमीटरवर. नव्व्याण्णवच्या वरची साठ मुलं आहेत, शाळा तिथंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही विरोध केला होता. पण निकाल चांगले आहेत, ताई. मुलं झोपतात, जेवतात, चार-चार तास गप्पा मारतात. मी सांगितलं होतं ना, आपल्या माणसांच्या दाट वस्तीत धोका कमी होतो. हिची माणसं आता ती आहेत."

नरेशला कळवलं तेव्हा तो आला. कीर्तनाच्या बॅगेची चेन नीट लागत नव्हती, ती तेल घालून दुरुस्त करत अर्धा तास बसला. मग रडला. सोबत येतो म्हणाला. अण्णांचा फोन आला आणि तो बाहेर गेला.

दोघीच गेल्या. रस्ता सरळ होता, दोन्हीकडे ज्वारी उभी होती. कीर्तना काचेला डोकं लावून बसली होती. "मम्मी," ती मध्येच म्हणाली, "ती पोहायच्या तलावाची शाळा झाली का गं शेवटी?"

"नाही बाई. नुसतीच आवई होती."

"तरीच," कीर्तना म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

सहवासचं फाटक साधंच होतं. आत लिंबाची झाडं, बैठ्या इमारती, आणि मुलांचा असा गलका, की रेणुकाला क्षणभर पूर्वीची गल्ली आठवली. फाटकावरच्या बाईंनी कागद बघितले आणि आईला भेटायचा पास महिन्याच्या पहिल्या रविवारचा दिला, दोन तासांचा. "जास्त वेळ नाही ओ," त्या म्हणाल्या. "अंक नसलेली माणसं आली की मुलं बिथरतात, असं दिसलंय."

कीर्तनाच्याच वयाची एक मुलगी तिला न्यायला आली. केस बारीक कापलेले, हातात करडा बँड. तिने कीर्तनाच्या मनगटाकडे बघितलं.

"तुझा किती?"

"नव्व्याण्णव."

"ते सगळ्यांचेच. पुढे काय?"

"पॉइंट दोन."

"एवढासा?" ती मुलगी म्हणाली. "माझा पॉइंट सहा. वरची खाट मी घेणार मग."

कीर्तना हसली. वर्षभरात रेणुकाने ते हसणं ऐकलं नव्हतं. आधी तिला ते कुणा दुसऱ्याच पोरीचं वाटलं. ती पुढे झाली, लेकीच्या गालावर हात ठेवायला.

"ही माझी मम्मी," कीर्तना त्या मुलीला म्हणाली.

"नमस्कार, काकू," मुलगी अदबीने म्हणाली.

"काही लागलं तर सांगायचं हं," रेणुका म्हणाली. "नीट जेवा. दोघीजणी."

"हो काकू."

कीर्तनाने मान हलवली. मग दोघी बोलायच्या थांबल्या, आणि रेणुकाच्या जाण्याची वाट बघू लागल्या.